बिनप्लास्टरच्या गाळ्यात उजेड आणायचा तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नशिराबादजवळ २० बाय ३० फुटांचा गाळा भाड्याने घेतला आहे, उंची १२ फूट. तीन भिंती राखेच्या विटांच्या, प्लास्टर नाही. चौथ्या बाजूला शटर, वर सिमेंटचे पत्रे. मुख्य काम फर्निचरचं, सोबत लोखंडी फ्रेमचं थोडं वेल्डिंग. भर दुपारीही आत अंधारून आल्यासारखं वाटतं. मालक पुढच्या उन्हाळ्यात प्लास्टर करून देणार आहेत. तोवर कमी खर्चात भिंती उजळायच्या आहेत, आणि ते काम खंडेनवमीला यंत्रांची पूजा मांडायच्या आत व्हायला हवं.

मी भुसावळ-जळगाव पट्ट्यात रंगकामाचे ठेके घेतो. जिनिंग, डाळमिल, गोदामं, गॅरेज असलीच कामं माझ्याकडे जास्त येतात, त्यामुळे ही अडचण नेहमी समोर असते. दीपनगरच्या औष्णिक केंद्राची राख आपल्याकडे मुबलक, म्हणून राखेच्या विटांचे गाळे या भागात सर्रास दिसतात. भिंत सरळ आणि स्वस्तात उभी राहते, पण तो करडा रंग उजेड गिळतो. ढोबळमानाने सांगायचं तर अशी भिंत तिच्यावर पडलेल्या उजेडाचा जेमतेम तिसरा हिस्सा परत देते. ताज्या चुन्याची भिंत पाचातले चार हिस्से परत देते. दिवे तेच ठेवून नुसती भिंत बदलली तरी फरक पडतो तो एवढ्यासाठी.

पण सगळ्यात पांढरं काय, हे सध्या बाजूला ठेवा. पुढच्या उन्हाळ्यात गवंडी याच भिंतीवर प्लास्टर मारणार आहे. आज जे लावाल ते त्याच्या आड येता कामा नये. प्लास्टर विटेला धरतं ते दोन गोष्टींमुळे: वीट पाणी ओढते आणि विटांच्या मधल्या सांध्यांत माल घुसून बसतो. म्हणून चांगला गवंडी प्लास्टरआधी सांधे साधारण १० मिलिमीटर खोल खरवडून घेतो. या दोन्हींपैकी एकाचीही वाट बंद करणारी वस्तू तुमच्यासाठी तात्पुरती नाही, मग ती कितीही स्वस्त असो.

या कसोटीवर ऑइलपेंट पहिल्या झटक्यात बाद होतो. त्याची साय विटेवर बसली की पाणी आत जात नाही आणि प्लास्टर काही महिन्यांत फुगून पापुद्र्यासारखं सुटतं. डिस्टेंपरचंही तेच, फक्त थोडं कमी. शिवाय बिनप्लास्टरची वीट डिस्टेंपर इतकं पिते की एका डब्याचं काम दोन डब्यांवर जातं आणि स्वस्ताई तिथेच संपते. उद्या ते काढायचं म्हटलं तर भिंत टाचण्याची मजुरी वेगळी, आणि ती कोण देणार यावरून मालकाशी वाद वेगळा.

व्हाइट सिमेंटबद्दल बरेच जण विचारतात. ते वाईट नाही. दोन पातळ हात, मधे पाणी मारणं, आणि भिंत वर्षानुवर्षं पांढरी राहते, कपड्याला लागत नाही. पण ते निघत नाही, आणि जाड लागलं तर सांधे बुजवतं. मालक प्लास्टरची गोष्ट तीन-चार वर्षं पुढे ढकलणार असं तुम्हाला मनातून वाटत असेल तर बेलाशक व्हाइट सिमेंट लावा. पुढच्या उन्हाळ्याचा शब्द खरा धरत असाल तर नको.

राहतो तो चुना. आपल्या आजोबांनी घरं, गोठे, देवळं त्यानेच पोतारली, आणि तुमच्या गरजेला तो आजही सगळ्यात चपखल बसतो. स्वस्त आहे, विटेचे श्वास बंद करत नाही, ओल असली तरी पापुद्रे धरून बसत नाही, आणि पातळ मारलेला असेल तर तारेच्या ब्रशने निघतो. आग लागण्यासारखं त्यात काही नाही. तुमच्याकडे भुसा आणि ठिणगी एकाच छपराखाली आहेत, म्हणून ही शेवटची गोष्ट मला सगळ्यात मोलाची वाटते.

आता तो कसा करायचा ते नीट सांगतो, कारण चुना बदनाम झाला आहे तो घाईने मारल्यामुळे.

कळीचा चुना, म्हणजे न विझवलेल्या चुन्याच्या कळ्या, मिळाला तर उत्तम. तीन भिंतींचा वरचा भाग (खालचे चार फूट सोडून, कारण पुढे सांगतो), म्हणजे साधारण ६४० चौरस फूट, तीन हात द्यायला २० ते २५ किलो पुरावा. विटेचा खडबडीतपणा माल खातो हे त्यात धरलं आहे. लोखंडी पिंपात आधी पाणी घ्या, एका किलोला पाच लिटर या हिशेबाने, आणि त्यात कळ्या थोड्या थोड्या सोडा. कळ्यांवर वरून पाणी ओतू नका. कळी फुटते, पाणी खदखदा उकळतं, वाफेबरोबर चुन्याचे थेंब उडतात. डोळ्यांवर चष्मा, हातात रबरी मोजे, आणि लहान मुलं त्या बाजूला फिरकायला नकोत. चुना डोळ्यात गेला तर चोळू नका. वाहत्या पाण्याने पंधरा-वीस मिनिटं धुवत राहा आणि लगेच डॉक्टर गाठा. प्लास्टिकच्या बादलीत हे करू नये, उष्णतेने बूड वितळतं. ॲल्युमिनियमच्या पातेल्यात तर मुळीच नाही; चुना ॲल्युमिनियम खातो आणि त्यातून पेट घेणारा वायू निघतो.

२४ तास तसंच राहू द्या. दुसऱ्या दिवशी ढवळून जुन्या धोतराच्या किंवा मांजरपाटाच्या फडक्यातून गाळा. फडक्यात राहिलेले खडे फेकून द्या. ते भिंतीवर गेले तर पुढे तिथेच फुगून चट्टे पाडतात. हा सगळा खटाटोप नको असेल तर बांधकाम साहित्याच्या दुकानात विझवलेल्या चुन्याची तयार गोणी मिळते, ती रात्रभर भिजत घाला. फक्त गोणी ताजी आहे ना ते बघा. फाटक्या, दमट कोपऱ्यात पडलेल्या गोणीतल्या चुन्याची धरण्याची ताकद हवेनेच संपवलेली असते. तो भिंतीवर पिठासारखा बसतो आणि खांदा घासला की उतरतो.

आता त्यात काय मिसळायचं यावर प्रत्येक रंगाऱ्याचं वेगळं मत. बरेच जण मूठभर मीठ टाकतात, चुना घट्ट बसतो म्हणून. कारखान्यात मी मीठ टाकू देत नाही. मीठ पावसाळ्यात हवेतली ओल ओढतं, आणि त्या भिंतीला टांगलेल्या पटाशा, करवतीची पाती, पाने गंज धरतात. वर तेच मीठ पुढे प्लास्टरमधून लोणा होऊन बाहेर येतं. तांदळाची खळ घातली तर कसर आणि बुरशीला आमंत्रण. फेविकॉल थोडा चालतो, पण लोक थोड्यावर थांबत नाहीत, आणि जास्त झाला की डिस्टेंपरसारखीच साय तयार होते. तुम्ही डिंक वापरा. गरम पाण्यात विरघळवून, गाळून, दहा लिटर चुन्याला साधारण ४० ग्रॅम. पुढे पाण्याने सुटतो, हेच आपल्याला हवं आहे. पांढरेपणा उठून दिसावा म्हणून नीळ घालायची तर पुडीतली नीळ घ्या, किलोभर चुन्याला दोन-तीन ग्रॅम, त्यापेक्षा जास्त नाही. ती चुन्यात टिकते. कपड्यांसाठी बाटलीत मिळते त्या निळीचा चुन्यात भरवसा नाही.

जाडी ही खरी परीक्षा. चुना दुधाइतका पातळ हवा. एक काडी त्यात बुडवून वर काढा. काडीचा रंग आतून पुसट दिसायला हवा. काडी पूर्ण पांढरी झाली तर अजून पाणी घाला. नवखा माणूस पहिला हात मारतो आणि घाबरतो, कारण ओला चुना जवळजवळ काहीच दिसत नाही; भिंत करडी ती करडीच. मग तो माल घट्ट करतो, आणि तिथेच काम बिघडतं. चुना सुकताना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन पांढरा होत जातो, तेव्हा पहिल्या हाताचा निकाल दुसऱ्या दिवशी सकाळी बघायचा. तीन पातळ हात चांगले टिकतात. एक जाड हात दिवाळीपर्यंत सुटायला लागतो.

मारण्याआधी भिंत झाडूने खसखसून झाडा आणि पाणी मारा. राखेची वीट पाणी पटकन ओढते. कोरडी ठेवली तर चुन्यातलं पाणी तीच पिऊन टाकते आणि मागे नुसती भुकटी राहते. पाणी मारल्यावर वरची चमक गेली, पण वीट अजून गडद आहे, तेव्हा कुंचला लावा. आपल्याकडच्या उन्हाळ्यात, ४४-४५ अंशांत, हे काम मी पहाटे नाहीतर दिवस कलल्यावरच करतो. तुम्ही भाद्रपद-आश्विनात करणार, म्हणजे हवेत ओल आहे आणि चुन्याला ती मानवते. फक्त झडीचा पाऊस ज्या बाजूने येतो ती भिंत आतून भिजलेली असेल तर चार दिवस उघडीप मिळू द्या.

बिनप्लास्टरच्या भिंतीत कुंचला सांध्यांत नीट जात नाही, म्हणून पहिला हात फवारणीच्या पंपाने मारायची युक्ती आपल्याकडे सोपी आहे. कपाशीवाल्या प्रत्येक घरी पंप असतो. त्यात दोन अटी. तणनाशकाचा पंप घेऊ नका, आणि कीटकनाशकाचा घेतला तर आधी साबणाने तीनदा खळखळून धुवा, कारण बंद गाळ्यात तुम्ही ते श्वासातून घेणार आहात. चुना दोनदा गाळा, नोझल मोठ्या भोकाचं लावा, आणि काम झाल्या झाल्या पंप धुवा, नाहीतर वॉशर बसतील. उघड्या वायरिंगचे बोर्ड प्लास्टिकने बांधा आणि मेन स्विच बंद ठेवा. दुसरा-तिसरा हात कुंचल्यानेच द्या, एक आडवा, एक उभा.

आता कुठे मारायचा. सगळी भिंत रंगवायची गरज नाही. जमिनीपासून चार फूट सोडून द्या. तिथे फळ्या टेकतात, तेलकट हात लागतात, भुसा साचतो. पांढरं केलं तरी महिन्यात काळं होतं, आणि चुना कपड्यांना लागून वैताग येतो. हवा तर तेवढा पट्टा गेरूने काढा, डाग झाकले जातात आणि गाळा नीटनेटका दिसतो. उजेड परतवण्याचं काम करते ती डोळ्यांच्या वरची भिंत आणि छप्पर. खर्च आणि कष्ट तिथे घाला.

काम सुरू करायच्या आधी एक सोपी चाचणी करा. दुपारी चार वाजता दिवे न लावता कामाच्या बाकापाशी उभे राहा आणि स्टीलच्या पट्टीवरच्या अर्ध्या मिलिमीटरच्या रेघा वाचायचा प्रयत्न करा. मग कुणाला तरी पांढऱ्या सनमायकाची मोठी शीट बाकामागे उभी धरायला सांगा, पुन्हा वाचा. शीट डावीकडे, उजवीकडे, वर धरून बघा. ज्या जागी ती धरल्यावर रेघा सुट्या दिसतात ती भिंत आधी करायची. कित्येक गाळ्यांत असं आढळतं की शटरसमोरची मागची भिंत आणि बाकामागची सहा फूट जागा एवढ्यानेच निम्म्याहून जास्त काम होतं. पैसे अगदीच कमी असतील तर तेवढंच करा, बाकी पुढे बघू.

बाकामागची जागा चुन्याऐवजी सुट्या पाट्यांनी उजळली तर आणखी बरं, कारण तिथे हात लागतो आणि चुन्याची पावडर पॉलिशवर बसलेली तुम्हाला परवडणार नाही. भंगारवाल्याकडे जुन्या फ्रीजचे पांढरे दरवाजे मिळतात. त्यांचा बाहेरचा पत्रा काढून घ्या. मागे चिकटलेला फोम पूर्ण खरवडून टाका, तो जळतो. कोपरे वळवा, धार घासा, आणि छपराच्या अँगलला तारेने लटकवा. भिंतीला भोक नाही, मालकाची तक्रार नाही, गाळा सोडताना पाट्या सोबत न्या. पांढऱ्या किंवा फिक्या रंगाच्या कोटेड पत्र्याचे तुकडेही चालतात. भिंत आणि पाटी यांच्यात दोन इंच अंतर ठेवा. चिकटवून लावलेल्या पाटीमागे ओल धरते, विंचू-पाली राहतात, आणि काळ्या जमिनीवरच्या गाळ्यांत वाळवीही वर चढते.

फ्लेक्सची उलटी बाजू लावा, असा सल्ला तुम्हाला कुणीतरी दिलाच असेल. गावोगावी वाढदिवसाचे फ्लेक्स उतरलेले असतात, फुकट मिळतात, मागची बाजू पांढरी असते. एमआयडीसीत चटईचे कारखाने आहेत, तिथे फिक्या रंगाच्या सेकंड मालाची चौकशीही करता येईल. सनपॅकची, म्हणजे पोकळ प्लास्टिकची, शीट आहे, थर्माकोल आहे, पांढऱ्या गोण्या शिवून लावता येतात. नुसतं पॅकिंगचं किंवा शिलाईचं काम असतं तर मीही हो म्हटलं असतं. तुमच्याकडे नाही म्हणतो. ग्राइंडर आणि वेल्डिंगच्या कामाला सुरक्षेचा नियम असा आहे की आजूबाजूच्या ३५ फुटांत जळणारं काही उघडं नको. तुमचा गाळाच ३० फुटांचा. फर्निचरचं लाकूड झाकता किंवा हलवता येतं, भिंतभर लटकवलेला फ्लेक्स कसा हलवणार? फ्लेक्स म्हणजे पीव्हीसी. तो जळताना निघणारा धूर घसा आणि फुप्फुसं भाजतो. थर्माकोल तर पेटता पेटता वितळून खाली ठिपकतो. चार पैसे वाचवण्यासाठी हा धोका घेऊ नका, मनापासून सांगतो. शक्य असेल तर वेल्डिंग शटरबाहेर ओट्यावरच करा.

वेल्डिंग आतच करावं लागत असेल तर त्या कोपऱ्याला आणखी एक गोष्ट लागू आहे. आर्कचा प्रकाश भिंतीवरून उलटतो आणि मास्कच्या मागून, बाजूने डोळ्यात शिरतो. चकचकीत पत्रा, चंदेरी रंग, ॲल्युमिनियमचा कागद यांच्यावरून तो सगळ्यात जास्त उलटतो. रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं ते यानेही. म्हणून फ्रीजचे पत्रे त्या कोपऱ्यात नकोत, चंदेरी काहीच नको, आणि चुनाही तिथे मारू नका. तेवढी भिंत विटेचीच करडी राहू द्या. शेजारी सुतार काम करत असेल तर मधे पत्र्याचा पडदा हवा, त्याची आतली बाजू बिनचमकीची काळी.

छपराला आतून चुना मारला तर भिंतींपेक्षाही जास्त फरक पडतो, पण सिमेंटच्या पत्र्याबाबत जपून. आपल्याकडच्या अशा बहुतेक पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असतं. त्याला तारेचा ब्रश, पॉलिश पेपर, कोरडं घासणं काही नको. त्याची धूळ फुप्फुसात जाते ती निघत नाही. नुसता पाण्याचा हलका फवारा आणि त्यावर मऊ कुंचल्याने किंवा पंपाने पातळ चुना. वर चढू नका. जुना सिमेंट पत्रा माणसाचं वजन घेत नाही, आणि त्यातून खाली पडून माणसं गेली आहेत. मालकांशी बोलणं चांगलं असेल तर प्लास्टरबरोबरच उत्तरेकडच्या उतारावरचा एखादा पत्रा काढून तिथे दुधी फायबरचा बसवून मागा. उत्तरेचा उजेड त्यातल्या त्यात सारखा राहतो, आणि दुधी पत्र्यामुळे ऊन थेट मशीनवर येत नाही. ते काम पत्रेवाल्याकडूनच करून घ्यायचं.

दिवे वाढवायच्या आधी आहेत ते हलवा. गाळ्याच्या मधोमध टांगलेली एलईडी ट्यूब उघड्या हवेला उजेड देते आणि तुमची सावली बाकावर पाडते. तीच बाकाच्या वर, पांढऱ्या भिंतीपासून फूट-दीड फुटावर आणा. करवतीच्या मशीनवर मात्र एकाच ट्यूबच्या भरवशावर राहू नका. काही ट्यूबा डोळ्याला कळत नाही अशा वेगाने लुकलुकतात, आणि फिरणारं पातं थांबल्यासारखं दिसू शकतं. तिथे दुसऱ्या प्रकारचा एक दिवा जोडीला द्या.

उन्हाळ्यात प्लास्टर ठरलं की गवंड्याला आधीच सांगा, भिंतीला चुना आहे. तो स्वतः सांगितल्याशिवाय बहुधा घासणार नाही, म्हणून हे काम तुम्हीच करून घ्या: पाणी मारून तारेच्या ब्रशने पूर्ण भिंत घासायची, सांधे खरवडायचे, पुन्हा पाण्याने धुवायची. हात फिरवल्यावर तळव्याला पांढरं लागलं तर अजून एकदा. खालचा गेरूचा पट्टाही तसाच काढायचा. मग एक हातभर जागेवर सिमेंटचा पातळ शिंतोडा मारून दोन दिवस पाणी द्या आणि खिळ्याने उकरून बघा. तो विटेला धरून बसला असेल तर गवंड्याला काम सुरू करू द्या. खपली निघाली तर घासणी कमी पडली आहे.